परसबागेत टिलर मारून घ्यायचाय? फोन करण्याआधीपासून माती बसेपर्यंतची कामं, क्रमाने

बहुतेकांचा क्रम असा असतो. रविवार मोकळा सापडतो, म्हणून शनिवारी टिलरवाल्याला, म्हणजे माती उकरणारं यंत्र चालवणाऱ्याला, फोन होतो. तो येतो, तास-दीड तासात प्लॉट उलटापालटा करतो, पैसे घेतो, जातो. महिन्याभरात हराळी आधीपेक्षा दाट उगवलेली दिसते, ढेकळं पायाला टोचायला लागतात आणि कोपऱ्यातली एक जागा विनाकारण ओली राहते, कारण खालचा पाइप फुटलेला असतो. मग सगळा राग टिलरवाल्यावर. वास्तविक या कामात त्याचा वाटा सगळ्यात छोटा आहे. त्याच्या आधीची कामं झालेली नसतात आणि तारीख मातीकडे न बघता ठरलेली असते.

पुढचं सगळं १ ते ५ गुंठ्यांच्या बागेसाठी आहे: बंगल्याभोवतीची जागा, गावच्या घरामागचं परस, आठवड्याला एकदा जायचं फार्महाउस. १ गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, साधारण १०८९ चौरस फूट. जागा दोन-तीनशे चौरस फूटच असेल तर यंत्राच्या नादी लागू नका. दोन गडी कुदळ-फावडं घेऊन लावा. काम जास्त नीट होतं आणि टेम्पोचं भाडंही वाचतं.

## १. आधी खाली काय आहे ते उकरून बघा

कुदळ आणि पहार घ्या आणि प्लॉटच्या चार-पाच ठिकाणी फूटभर खोल खड्डे करा. मधोमध एक, कंपाउंडजवळ एक, घराच्या पायाजवळ एक, बाकीचे कुठेही. या खड्ड्यांमधून पुढचे बरेच निर्णय आपोआप ठरतात.

नव्या बांधकामाच्या प्लॉटवर वरची चांगली माती पायाच्या खोदाईत गेलेली असते. वर दिसतो तो भराव: मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्सच्या कपच्या, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे बाइंडिंग वायर. ही वायर टिलरच्या शाफ्टला गुंडाळली की इंजिन बंद करून पक्कडीने एकेक वेढा काढत बसावं लागतं. तासावर काम ठरलं असेल तर तो वेळ तुमच्या खात्यात जातो.

चार इंचांखाली कडक मुरूम किंवा जांभा लागला तर टिलर बोलावूच नका. यंत्र वर नाचत राहतं, पाती झिजतात आणि माती काही सुटत नाही. कोकणात कातळावर बांधलेल्या घरांना हे हमखास लागू होतं. तिथे बाहेरून माती आणून गादीवाफे किंवा दगडी कडेचे वाफे करणं हाच मार्ग आहे. देशावर काळी माती दोन-तीन फूट खोल मिळाली तर यंत्राला अडचण नाही, पण तिथे ओलाव्याचा प्रश्न मोठा. त्याबद्दल सहाव्या टप्प्यात.

याच वेळी माती परीक्षणाचा नमुना काढून ठेवा. शेणखत किंवा खत टाकण्याआधीच काढायचा. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा सहा इंची खड्डा, त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंतची बोटभर जाडीची माती, अशी सात-आठ ठिकाणची माती घमेल्यात मिसळायची. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचं. झाडाखालची, जुन्या उकिरड्याची आणि बांधालगतची माती घेऊ नका. जिल्ह्याची माती परीक्षण प्रयोगशाळा किंवा कृषी विज्ञान केंद्र हे काम करतं. अहवालात सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब एवढं तरी वाचा. सामू ८ च्या वर असेल आणि कोणी ‘चुना टाका, माती सुधारते’ म्हणालं तर ऐकू नका. चुना कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीसाठी आहे, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीसाठी नाही.

## २. जमिनीखालच्या लाइनी शोधून फक्की मारा

हा टप्पा वगळणारे सगळ्यात जास्त. ‘पाइप खोल आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरमालक म्हणतो, पण पाइप टाकताना तो तिथे उभा नसतो.

पाण्याची लाइन मीटरपासून टाकीपर्यंत बहुधा सरळ रेषेत जाते. ड्रेनेजची लाइन चेंबरची झाकणं जोडली की कळते. सेप्टिक टँक, शोषखड्डा, जमिनीखालची टाकी, बोअरचं केसिंग यांच्या जागा घरातल्या जुन्या माणसांना किंवा प्लंबरला विचारा. जुन्या सेप्टिक टँकच्या स्लॅबवरून मिनी ट्रॅक्टर कधीही नेऊ नका.

खरी धास्ती असते ती बागेतल्या दिव्यांच्या आणि गेटच्या बेलच्या वायरची. घर झाल्यावर ‘नंतर’ बसवलेले दिवे असले की इलेक्ट्रिशियनने वायर चार-पाच इंच खाली, कधीकधी पाइपाशिवायच पुरलेली असते. नेमकी टिलरच्या पात्याच्या खोलीवर. तीच गत अर्थिंगच्या पट्टीची. ती तुटली तर लगेच काही कळत नाही. घरात शॉक लागायला लागतो तेव्हा कळतं. पाइपने येणारा गॅस असेल तर लाइन कुठून जाते हे अंदाजाने ठरवू नका, गॅस कंपनीला फोन करून विचारून घ्या.

सापडलेल्या प्रत्येक लाइनीवर फक्कीची, म्हणजे पांढऱ्या भुकटीची, रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट यंत्र चालवायचं नाही; तो पट्टा हाताने खणायचा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण टिलर फिरला की फक्की गायब होते.

तपासा: कामाच्या दिवशी बागेच्या दिव्यांचा एमसीबी खाली केला का? जुन्या ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या का?

## ३. तण आणि राडारोडा: यंत्राच्या आधी, यंत्राने नव्हे

‘टिलर मारला की गवत जातं’ हा समज मोडायला हवा. वर्षायू गवत जातं, तेही बी धरायच्या आत मारलं तर. हराळी, लव्हाळा आणि कुंदा मात्र टिलरने वाढतात. रोटरची पाती हराळीच्या काशांचे (जमिनीखालून पसरणाऱ्या खोडांचे) बोटभर तुकडे करतात आणि पूर्ण प्लॉटभर पसरवतात. डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. लव्हाळ्याच्या गाठींचं तेच. एका कोपऱ्यात असलेली हराळी पुढच्या पावसात सगळीकडे दिसते ती अशी.

वेळ हाताशी असेल तर हे काम उन्हाळ्यात करा. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीला पाणी द्या, वाफसा आला की (माती ना चिखल, ना कोरडी अशी झाली की) कुदळीने मोठी मोठी ढेकळं उलटून टाका, काशा ओढून वेचा. मुळासकट, तुटू न देता. मग तशीच ओबडधोबड जमीन मे महिन्याच्या उन्हात तापू द्या. ढेकळं फोडण्याची घाई नको. त्यांतल्या राहिलेल्या काशा आणि किडींचे कोष उन्हानेच मरतात. एक-दोन वळीव झाल्यावर टिलर. एवढा वेळ नसेल तर निदान हराळीचे पट्टे ओळखून तेवढे हाताने काढा. वेचलेल्या काशा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. गच्चीवर किंवा फरशीवर कडकडीत वाळवा.

उंच वाढलेलं गवत विळ्याने कापून बाहेर काढा, नाहीतर शाफ्टला गुंडाळतं. मुठीपेक्षा मोठे दगड, विटा, काचा, वायर वेचा. दगडाने पातं वाकलं तर त्याचा खर्च कोणी द्यायचा यावर भर उन्हात वाद नको असेल तर वेचणी नीट करा.

सावधान: विटांचे ढीग, जुने पत्रे आणि पालापाचोळा हलवताना सापाचा विचार डोक्यात असू द्या. बूट घाला, हात थेट ढिगात घालू नका, आधी काठीने हलवा.

## ४. कोणतं यंत्र, आणि ते आत येणार का?

लोक सरसकट ‘टिलर’ म्हणतात, पण फोनवर समोरचा कोणतं यंत्र धरून दर सांगतोय हे विचारलंच पाहिजे.

पॉवर वीडर हे लहान यंत्र, साधारण ५ ते ७ अश्वशक्तीचं. अरुंद फाटकातून येतं, दोन माणसं उचलून पायऱ्या चढवतात. आधी कसलेल्या, भुसभुशीत बागेत तीन-चार इंचांचं काम छान करतं. कधीच न फोडलेल्या कडक जमिनीवर मात्र ते पुढे पळतं आणि चालवणाऱ्याला ओढत नेतं.

पॉवर टिलर म्हणजे दोन चाकांचं, मागे चालत हाकायचं डिझेल यंत्र, बहुधा १२ ते १५ अश्वशक्तीचं. पाच-सहा इंच खोली मिळते. एक-दोन गुंठ्यांपासून पुढे हेच सगळ्यात व्यवहारी. मिनी ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून काम वेगात होतं, पण त्याला मोकळी जागा लागते. मध्ये झाडं, हौद, तुळशीवृंदावन असेल तर अर्धी जागा न फिरताच राहते. गावाकडे बैलजोडी मिळत असेल तर पहिल्या फोडणीसाठी तिच्यासारखं काही नाही: नांगर माती उलटतो, तिचं पीठ करत नाही.

आणि जेसीबी? शेजारी बांधकाम चालू असलं की ‘तो आलाच आहे, दोन बकेट मारून घेऊ’ असा मोह होतो. नका करू. जेसीबी खालचा मुरूम वर आणतो, वरची माती खाली गाडतो आणि चाकांखाली बाकीची दाबून टाकतो.

कडक, वर्षानुवर्षं पडून असलेल्या जमिनीवर थेट रोटर मारू नये. आधी नांगर किंवा फण, ते शक्य नसेल तर कुदळ, आणि मग रोटर. चांगला टिलरवाला हे स्वतःहून सांगतो.

आता टेप घेऊन फाटकाची, बोळाची आणि पायऱ्यांची रुंदी मोजा. बोळात एसीचं आउटडोअर युनिट बाहेर आलं असेल तर तिथली मोजा. लोंबत्या फांद्या, कपड्यांच्या दोऱ्या, खाली आलेल्या वायरी बघा. आकडे वहीत लिहा. फोनवर ‘आरामात येईल’ म्हणू नका.

## ५. माणूस शोधणं आणि बोलणी

ऑनलाइन शोधण्यापेक्षा जवळची रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र किंवा शहराच्या कडेच्या गावातलं चहाचं दुकान जास्त कामाचं. काही गावांत शेतकरी गटांच्या अवजारे बँका आहेत, तिथे यंत्र चालकासह भाड्याने मिळतं. ज्यांच्याकडे त्या टिलरवाल्याने मागच्या वर्षी काम केलं अशांची बाग बघा. परवा केलेलं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

वेळेचंही भान ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मृगापर्यंत आणि पुन्हा रब्बीच्या तोंडावर ही मंडळी शेतात असतात. एकरांची कामं सोडून तुमच्या दोन गुंठ्यांसाठी यंत्र टेम्पोत चढवणं-उतरवणं त्यांना परवडत नाही, म्हणून ते एक तर येत नाहीत किंवा चढा दर सांगतात. यात त्यांची चूक नाही. एप्रिलमध्ये विचारा. किंवा कॉलनीतले तीन-चार जण मिळून एकाच दिवशी बोलवा. वाहतूक वाटली जाते आणि त्याचाही दिवस भरतो.

शक्यतो त्याला जागा दाखवायला बोलवा. येणं जमत नसेल तर फाटकापासून सुरुवात करून पूर्ण प्लॉटचा व्हिडिओ पाठवा, उकरलेल्या खड्ड्यांसकट. तो काय विचारतो याकडे लक्ष द्या. ‘दगड किती आहे, पाणी कधी दिलं, खाली लाइन कुठे, गाडी कुठपर्यंत येते’ असं विचारणारा माणूस कामाचा. ‘होऊन जाईल दादा, काही टेन्शन घेऊ नका’ एवढंच म्हणणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारून बघा.

दर तीन तऱ्हांनी ठरतात. तासावर ठरवलं तर काम रेंगाळतं, गुंठ्यावर ठरवलं तर उरकलं जातं आणि खोली कमी पडते. लहान बागेसाठी मला उक्तं काम (सगळ्याची मिळून एकच रक्कम) बरं वाटतं, पण अटी लिहून. तासावरच ठरलं तर घड्याळ तुमच्या प्लॉटवर इंजिन सुरू झाल्यापासून, त्याच्या घरून निघाल्यापासून नाही. आणि वायर काढणं, डिझेल आणायला जाणं, चहा हे त्यात धरायचं की नाही, तेही आधीच.

करारनाम्याची गरज नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप पुरे. असा काहीसा:

> दादा, नमस्कार. बोलल्याप्रमाणे काम: बंगल्यामागचे २ गुंठे. उभी एक आणि आडवी एक, अशा दोन पाळ्या. खोली ६ इंच. पहिल्या पाळीनंतर आम्ही शेणखत पसरू, तेवढा वेळ थांबायचं. फक्कीच्या रेघांच्या दोन्ही बाजूंना दीड फूट यंत्र घालायचं नाही. कडेची जागा तुमचा माणूस कुदळीने काढणार. डिझेल आणि टेम्पो धरून उक्ते रु. ____. खूण केलेली लाइन तुटली तर दुरुस्ती तुमच्याकडे, खूण नसलेली तुटली तर आमच्याकडे. तारीख वाफसा बघून एक दिवस आधी कळवतो. चालेल ना?

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. तारीख आधी पक्की करू नका, आठवडा ठरवा. शेतात काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या घरमालकालाच ते पटत नाही.

इसार थोडा द्या, बाकी पैसे तपासणीनंतर.

## ६. वाफसा: तारीख मातीच ठरवते

इथे घाई केली तर आधीचे पाचही टप्पे वाया जातात.

ओल्या काळ्या मातीत टिलर घातला की पाती माती कापत नाहीत, लिंपतात. वरून चिकणढेकळं निघतात, ती वाळून इतकी कडक होतात की पुढे हातोडीने फोडावी लागतात. आणि पात्यांच्या खाली एक गुळगुळीत थर घोटला जातो, ज्यातून पाणीही जात नाही आणि मूळही. हे नुकसान त्या मोसमात भरून येत नाही. उलट, खडखडीत कोरड्या जमिनीत पाती आदळतात, धूळ उडते आणि हाती येतात ती कोरडी ढेकळं आणि खाली न सुटलेली जमीन.

चाचणी साधी आहे. वरची माती बघू नका, ती फसवते. पाच-सहा इंच खालची मूठभर माती काढा, दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका.

- गोळा तसाच राहिला किंवा नुसता चेपला, हाताला चिकट डाग राहिला: ओल जास्त आहे. थांबा.
- गोळा झाला आणि पडताच चार-सहा तुकड्यांत, भुगा होत फुटला: वाफसा आहे. फोन करा.
- गोळाच होत नाही, माती बोटांतून गळते किंवा दगडासारखी फुटत नाही: पाणी द्यावं लागेल.

चाचणी प्लॉटच्या तीन-चार ठिकाणी करा. घराच्या सावलीत, नळाजवळ आणि उताराच्या खालच्या टोकाला ओल दोन-तीन दिवस जास्त राहते. सगळ्यात ओल्या जागेचा निकाल धरायचा.

पाणी द्यायचं असेल तर कामाच्या आदल्या संध्याकाळी होज सोडू नका. ही नेहमीची चूक. वरचे दोन इंच चिखल आणि खाली कोरडं, असा सगळ्यात वाईट प्रकार होतो. भरपूर, खोलवर मुरेल असं पाणी एकदाच द्या आणि मग वाट बघा. हलक्या, मुरमाड किंवा लाल मातीला एक-दोन दिवसांत वाफसा येतो. भारी काळ्या मातीला चार दिवसही लागतात, आठवडाही लागतो. ढग असतील तर जास्तच. तिसऱ्या दिवसापासून रोज गोळा करून बघा.

सावधान: ठरलेल्या दिवशी पहाटे पाऊस पडला तर माणसाला येऊ नका म्हणून कळवा. लवकर कळवलं तर तो दिवस दुसरीकडे लावतो. टेम्पो दारात येऊन उभा राहिल्यावर ‘आलेच आहात तर करूनच टाका’ हे वाक्य सगळ्यात महाग पडतं.

## ७. कामाच्या दिवशी

शेणखत आदल्या दिवशीच प्लॉटच्या कडेला येऊन पडलेलं असावं. भाजीपाल्यासाठी हेक्टरी २० ते २५ टन हे नेहमीचं प्रमाण; गुंठ्याला २०० ते २५० किलो. ट्रॉलीवाला ब्रासमध्ये, म्हणजे आकारमानात बोलतो, तेव्हा एक भरलेलं घमेलं वजनकाट्यावर ठेवून बघा आणि पुढे घमेली मोजा. खत पुरतं कुजलेलं हवं: काळसर, हाताला गार, शेणाचा वास न येणारं. कच्च्या शेणासोबत हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी बागेत येते. ढीग पसरताना वाकड्या, पांढऱ्या, जाड अळ्या दिसल्या तर वेचून काढा.

कामाचा क्रम:

१) टिलरवाल्याला घेऊन पूर्ण प्लॉट चाला. प्रत्येक फक्की, प्रत्येक चेंबर बोटाने दाखवा. फोटो पाठवले होते तरी चाला.

२) मुलं आणि कुत्रा घरात. यंत्र मागे घेताना चालवणाऱ्याचे पाय पात्यांच्या सगळ्यात जवळ असतात आणि तेव्हा त्याचं लक्ष मागे असतं. अशा वेळी कोणी हाक मारू नये, जवळ जाऊ नये. बरेच जण चपलेवर काम करतात. बूट घाला म्हणायला संकोच नको.

३) पहिली पाळी उभी, कमी खोलीची. दोन-तीन वळशांनंतर थांबवून खाली काय निघतंय ते बघा. दगड जास्त असेल तर इथेच वेचणी; दुसऱ्या पाळीची वाट बघू नका.

४) काशा, दगड, वायर पुन्हा वेचा. त्याचं यंत्र थंड होईपर्यंत घरातल्या सगळ्यांनी मिळून हे करायचं.

५) शेणखत सारखं पसरा.

६) दुसरी पाळी आडवी, ठरलेल्या खोलीची.

७) कडा आणि झाडांजवळची जागा कुदळीने. भिंतीलगतच्या दीड फुटात यंत्र पोचत नाही. आंबा, चिकू, पेरू यांच्या फांद्यांच्या घेराखाली टिलर अजिबात नको. अन्न घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या थरातच असतात.

तिसरी-चौथी पाळी मागू नका. माती रव्यासारखी मऊ दिसली की लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, पण एवढी बारीक केलेली माती पहिल्या मोठ्या पावसात बसते आणि वर पापडी धरते. बी खालीच अडकतं. सुपारीएवढी ढेकळं राहिली तर राहू द्या.

सावधान: पात्यांत वायर किंवा गवत अडकलं तर इंजिन पूर्ण बंद करूनच काढायचं. ‘न्यूट्रलला आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. तुमच्या आवारात, तुमच्या कामावर माणूस आहे.

## ८. यंत्र टेम्पोत चढण्याआधी तपासा

सळई खुपसून ‘आठ इंच गेली’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण सुटलेली माती फुगलेली असते. प्लॉटच्या कडेला, न फिरलेल्या जमिनीलगत, हाताने मोकळी माती बाजूला करून खालचा कडक तळ उघडा करा. न फिरलेल्या जमिनीवर सरळ काठी आडवी ठेवा आणि तिच्यापासून तळापर्यंत मोजा. हे मधल्या भागात करता येत नाही, म्हणून तिथे सळईचा अंदाज कडेच्या मापाशी ताडून बघा. कडेला जेवढी जाते तेवढीच मध्येही गेली पाहिजे. पाच-सहा जागा पुरेत. इंचभर कमी-जास्त असेल तर वाद घालू नका. निम्मंच असेल तर तो पट्टा पुन्हा मारून घ्या.

मग पाण्याच्या मीटरची चकती दहा मिनिटं बघा: घरातले सगळे नळ बंद असताना ती फिरत असेल तर लाइन कुठेतरी फुटली आहे, आणि ती आत्ता कळलेली बरी. बागेचे दिवे मात्र माती वाळेपर्यंत आणि वायर नजरेखालून घालेपर्यंत लावू नका.

उतार घरापासून बाहेरच्या बाजूला आहे ना, ते पाहा. फुगलेली माती जोत्यावर, भिंतीला टेकून राहिली असेल तर ओढून घ्या, नाहीतर पावसाळ्यात आतल्या भिंतीला ओल येते.

सगळं ठीक असेल तर ठरलेले पैसे लगेच, पूर्ण द्या. ठरल्याबाहेरचं काम त्याने केलं असेल, एखादा पट्टा जास्त काढला असेल, तर त्याचे वेगळे द्या. पुढच्या वर्षी मृगाच्या धामधुमीत तुमचा फोन तो उचलेल की नाही, हे यावरही असतं.

## ९. पुढचे पंधरा दिवस

दुसऱ्याच दिवशी रोपं लावायची घाई असते. माती बसलेली नसते, मुळांभोवती पोकळ्या राहतात आणि रोप पाणी देऊनही माना टाकतं. आधी लांब दांड्याच्या दाताळ्याने जमीन सारखी करा. हलकं पाणी द्या किंवा एखादा पाऊस होऊ द्या. आठ-दहा दिवसांत तणांची पहिली पिढी उगवते. ती दोन पानांवर असतानाच खुरप्याने वरच्यावर खरवडून टाका. खोल खुरपू नका, नाहीतर खालचं नवं बी वर येतं. या एका खरवडणीने पुढची निम्मी खुरपणी वाचते.

त्यानंतर वाफे किंवा सऱ्या पाडा. वाफ्याची रुंदी तीन-चार फुटांपलीकडे नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही. चालण्याच्या वाटा आत्ताच पक्क्या करा. ज्या मातीसाठी पैसे मोजले तीच तुडवत पाइप ओढत फिरणं फार सर्रास दिसतं.

बाहेरून लाल माती विकत आणायचा विचार असेल तर ती काळ्या मातीवर थर म्हणून पसरू नका. दोन मातींच्या मध्ये पाणी अडतं. ती शेणखतासोबत, दुसऱ्या पाळीच्या आधीच पडायला हवी होती. राहिली असेल तर वाफ्यांपुरती कुदळीने मिसळा.

हराळी पुन्हा डोकं काढेलच. दर आठवड्याला दहा मिनिटं, ओल असताना, काशीसकट उपटायची. टिलर पुन्हा बोलवायचा नाही.

आणि दरवर्षी याच खोलीला रोटर मारून घ्यायची सवय लावू नका. त्याच सहा इंचांवर खाली कडक थर बनत जातो. एकदा जमीन मोकळी झाली, वाफे आणि वाटा ठरल्या, की पुढच्या वर्षी पालापाचोळ्याचं आच्छादन, वरून शेणखत आणि लागेल तिथे कुदळ एवढ्यावर दोन-तीन गुंठ्यांची बाग चालते. टिलरवाल्याचा नंबर मात्र जपून ठेवा, शेजारी विचारतात.